ॲम्हर्स्ट कॉलेजांतील व्यायाम आणि विद्यार्थिमंडळें

विद्येच्या मागें लागलेल्या तरुणानें शरीराची काळजी किती वाहावी, हा प्रश्न जुनाच आहे. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, खेळांत गेलेला वेळ अभ्यासांतून वजा होतो. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, शरीर खालावलें म्हणजे अभ्यासाचा पायाच खचतो. दोन्ही पक्ष आपापल्या मताची तरफदारी करीत राहतात, आणि शाळा मात्र आठवड्यांतून एखादा तास कवायत व वर्षांतून एकदां क्रीडासंमेलन एवढ्यावर समाधान मानतात. अशा स्थितींत ज्या एका विद्यालयानें हा प्रश्न नुसत्या वादावर न सोडतां प्रयोगास लावला, आणि तो प्रयोग एकाच गृहस्थाच्या देखरेखीखालीं पन्नास वर्षें चालविला, त्या विद्यालयाचा इतिहास आमच्या विद्यार्थिवाचकांस उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें. तें विद्यालय म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील ॲम्हर्स्ट कॉलेज होय. त्याच्या एकोणिसाव्या शतकांतील आयुष्यक्रमाकडे, विशेषतः तेथील व्यायाम, सामने व विद्यार्थ्यांचीं मंडळें यांकडे, आपण क्रमानें पाहूं.

स्थळ व काळ

ॲम्हर्स्ट हें कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यांतील एक लहानसें गांव. ज्या सेनापति जेफ्री ॲम्हर्स्ट यांच्यावरून त्याचें नांव पडलें, त्यांचेच पुतणे लॉर्ड ॲम्हर्स्ट हे १८२३ ते १८२८ पर्यंत हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल होते. तेव्हां हें नांव आमच्या इतिहासाच्या पुस्तकांस अगदींच परकें नाहीं. कॉलेजची स्थापना १८२१ सालीं झाली. पहिले अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर हे त्याच संस्थानांतील विल्यम्स कॉलेजचें अध्यक्षपद सोडून येथें आले, व त्यांच्याबरोबर तेथील कांहीं विद्यार्थीहि आले. या दोन कॉलेजांमधील चुरस तेव्हांपासूनची आहे. विल्यम्स कॉलेजशीं मराठी मुलखाचाहि एक जुना संबंध आहे. १८१३ सालीं मुंबईस येऊन अमेरिकन मराठी मिशनच्या कार्याचा पाया घालणारे गॉर्डन हॉल हे त्याच कॉलेजचे पदवीधर होत.

ॲम्हर्स्ट कॉलेज काढण्यांत मुख्य हेतु असा होता कीं, धर्मोपदेशक होऊं इच्छिणाऱ्या गरीब मुलांस उच्च शिक्षण मिळावें. त्यामुळें तेथें येणारे पुष्कळसे तरुण लहान गांवांतले व शेतकऱ्यांच्या घरचे असत. घरीं असतांना ते नांगर धरीत, लाकडें फोडीत, बर्फांतून मैल मैल चालत. कॉलेजांत आल्यावर ही सारी अंगमेहनत एकाएकीं थांबे. ग्रीक, लॅटिन व गणित यांचे पाठ, लांबलचक प्रार्थना, कोंदट खोली व स्वस्तांतलें जेवण असा त्यांचा दिनक्रम सुरू होई. जो देह कष्टावर पोसला होता तोच आतां खुर्चीवर बांधला गेला, म्हणजे तो कुरकुरूं लागणार यांत नवल तें काय?

दुखण्याचा विचार

विद्यार्थ्यांच्या प्रकृतीची ही हानि पुष्कळांच्या लक्षांत येत होती. ॲम्हर्स्टच्या शेजारीं नॉर्दम्प्टन येथें राउंड हिल नांवाची एक शाळा होती. तेथें १८२५ सालीं चार्ल्स बेक या जर्मन शिक्षकानें आपल्या देशांतील पद्धतीवर उघड्या मैदानांत व्यायामाचीं साधनें उभीं केलीं होतीं. पुढल्याच सालीं हार्वर्ड येथेंहि तसा यत्न झाला. परंतु हे यत्न फार दिवस टिकले नाहींत. नवलाई होती तोंवर मुलें जमलीं. ती ओसरल्यावर खांब व दोऱ्या तशाच पडून राहिल्या. व्यायाम हा ऐच्छिक असला म्हणजे ज्यांस त्याची गरज कमी तेच तो करतात, आणि ज्यांस गरज अधिक ते खोलींत बसून राहतात, हा त्यांतला मुख्य दोष होता.

१८५४ सालीं विल्यम ऑगस्टस स्टर्न्स हे ॲम्हर्स्टचे अध्यक्ष झाले. विद्यार्थ्यांची प्रकृति खालावते, विशेषतः वसंत ऋतूंत ती ढासळते, कित्येकांस शिक्षण अर्ध्यावर टाकून घरीं जावें लागतें, आणि जे राहतात त्यांचीहि उमेद खचते, ही गोष्ट त्यांनीं विश्वस्तांच्या कानीं वारंवार घातली. त्यांचा आग्रह असा होता कीं, शरीराचें शिक्षण हें कॉलेजच्या शिक्षणक्रमाचाच एक भाग झालें पाहिजे. तें कोणाच्या हौसेवर ठेवून चालणार नाहीं. या आग्रहास फळ आलें. नॉर्दम्प्टनचे डॉक्टर बॅरेट यांच्या नांवानें एक दगडी व्यायामशाळा उभी राहिली, आणि १८६० सालीं आरोग्य व शारीरिक शिक्षण यांचा एक स्वतंत्र विभाग निघाला. त्या विभागाचा प्रमुख हा इतर प्राध्यापकांच्या बरोबरीचा असावा व तो शिकलेला डॉक्टर असावा, असें ठरलें. या दर्जाचा विभाग अमेरिकेंतील कॉलेजांत हा पहिलाच होता.

पुढें जो प्रसंग अध्यक्षांवर गुदरला तोहि येथें सांगितला पाहिजे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. कॉलेजमधील रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम क्लार्क हे सैन्यांत गेले, व त्यांच्याबरोबर अध्यक्षांचा मुलगा फ्रेझर हाहि गेला. १४ मार्च १८६२ रोजीं न्यू बर्न येथील लढाईंत तो मारला गेला. त्याचें वय अवघें २१ वर्षांचें होतें. ज्यांनीं दुसऱ्यांच्या मुलांच्या जिवाची इतकी काळजी वाहिली, त्यांनाच आपला मुलगा असा गमवावा लागला. तरीहि त्यांनीं आपलें काम सोडलें नाहीं. १८७६ सालीं मृत्यु येईपर्यंत ते अध्यक्षपदावरच होते.

डॉक्टर हिचकॉक यांची पद्धति

नव्या विभागाचे पहिले प्राध्यापक प्रकृतीच्या कारणानें लवकरच निघून गेले. १८६१ सालीं त्यांच्या जागीं डॉक्टर एडवर्ड हिचकॉक यांची नेमणूक झाली, आणि १९११ सालीं मरण येईपर्यंत ते त्या जागेवर राहिले. त्यांचे वडील, त्यांचेंहि नांव एडवर्डच, हे प्रसिद्ध भूगर्भशास्त्रज्ञ असून या कॉलेजचे माजी अध्यक्ष होते. कनेक्टिकटच्या खोऱ्यांतील दगडांवर प्राचीन प्राण्यांच्या पावलांचे जे ठसे आहेत, ते त्यांनीं जन्मभर मोजले व जमविले. ते ठसे मोठ्या पक्ष्यांचे असावेत असें त्यांस वाटे. ते डायनोसॉर नांवाच्या प्राण्यांचे होत असें शास्त्रानें पुढें ठरविलें. मोजण्याची व नोंदण्याची ही संवय मुलानें वडिलांपासून घेतली, मात्र त्यानें ती जिवंत माणसांच्या कामीं लावली.

हिचकॉक यांची पद्धति सोपी होती. प्रत्येक वर्गानें आठवड्यांतून चार दिवस, दर दिवशीं अर्धा तास, व्यायामशाळेंत एकत्र यावें. प्रत्येक वर्गाचा पोषाख निराळा व कप्तान निराळा. हा कप्तान विद्यार्थ्यांनींच निवडावयाचा. पियानोच्या तालावर लाकडी हलक्या डंबेलांचे हात करावयाचे, मग चालणें, धांवणें, व शेवटीं कांहीं वेळ मोकळेपणानें खेळणें. इतर विषयांप्रमाणेंच या विषयाची हजेरी धरली जाई. शिवाय पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस शरीररचना व आरोग्य यांवर व्याख्यानें ऐकावीं लागत.

येथें कोणी विचारील कीं, धष्टपुष्ट तरुणांच्या हातांत हलकें लाकडी डंबेल देऊन काय साधणार? याचें उत्तर समजून घेण्याजोगें आहे. जड वजनें व उंच दांड्या यांचा उपयोग बलवान् मुलेंच करूं शकतात. एक जण उचलतो व वीस जण पाहत बसतात. हलकें साधन प्रत्येकाच्या हातांत एकाच वेळीं देतां येतें. हात वारंवार व वेगानें हलविल्यानें श्वास भरपूर चालतो, रक्त खेळतें, आणि सांधे मोकळे होतात. संगीतामुळें सर्वांचा ताल एक राहतो व कंटाळा येत नाहीं. हा विचार त्या वेळीं बोस्टन येथें डायो ल्युईस यांनीं पुढें आणलेला होता. हिचकॉक यांनीं तो कॉलेजच्या शिस्तींत बसविला. त्या काळच्या अमेरिकन व्यायामशाळांत आणखी एक साधन असे, आणि तें म्हणजे आमच्या तालमींतील जोडी. हिंदुस्थानांत आलेल्या इंग्रज लष्करी अंमलदारांनीं ती प्रथम विलायतेंत नेली, व तेथून ती अमेरिकेस पोंचली. तिकडे तिला हिंदी मुद्गल या अर्थाचेंच नांव पडलें. जें साधन आमच्या येथें पहिलवानाच्या हातीं होतें, तें तिकडे वर्गांतील साध्या विद्यार्थ्याच्या हातीं आलें, हा भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

हिचकॉक यांचें दुसरें काम मोजमापाचें. प्रत्येक विद्यार्थ्याचें वय, वजन, उंची, छातीचा घेर, दंडाचा घेर, हातांची शक्ति इत्यादि गोष्टी तो कॉलेजांत येतांच नोंदल्या जात, आणि पुढें ठराविक काळानें पुन्हां मोजल्या जात. आजारीपणामुळें कोणाचे किती दिवस बुडाले, याचीहि नोंद ठेवली जाई. वर्षानुवर्षें जमलेल्या या आंकड्यांवरून विद्यार्थ्यांच्या शरीराचीं सरासरी मापें काढून त्यांनीं १८८७ सालीं आपल्या सहकाऱ्यासह एक मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केलें. १८८५ सालीं ब्रुकलिन येथें शारीरिक शिक्षणाच्या प्रसारासाठीं जी अमेरिकन संस्था निघाली, तिचें पहिलें अध्यक्षपदहि त्यांच्याकडेच आलें.

या आंकड्यांचा अर्थ मात्र सावधपणें घ्यावयास हवा. अठरा ते बावीस या वयांत तरुणाची छाती थोडीफार आपोआपच भरते. तेव्हां जेवढी वाढ झाली तेवढी सर्व व्यायामानेंच झाली असें म्हणणें न्याय्य होणार नाहीं. तसेंच एका प्रांतांतील मुलांची सरासरी हा सगळ्या जगाचा मापदंड होऊं शकत नाहीं. असें असलें तरी मोजण्याचा एक फायदा निर्विवाद आहे. प्रत्येक विद्यार्थ्यास आपली आजची स्थिति कालच्या स्थितीशीं ताडून पाहतां आली. शेजाऱ्याशीं बरोबरी करण्याची गरज राहिली नाहीं. दुबळ्या मुलासहि प्रगतीचा आनंद मिळूं लागला, तो यामुळेंच.

सामने

हिचकॉक यांचा रोख सर्वांवर होता. परंतु तरुणांस चढाओढ प्रिय असतेच. अमेरिकन कॉलेजांमधील बेसबॉलचा पहिला सामना ॲम्हर्स्ट व विल्यम्स यांच्यामध्यें १ जुलै १८५९ रोजीं पिट्सफील्ड गांवीं झाला. त्या वेळचे नियम आजच्या नियमांहून फार निराळे होते. प्रत्येक बाजूस तेरा गडी, मैदानाच्या कोपऱ्यांवर खुंट, आणि धांवणाऱ्या गड्यास बाद करावयाचें तर त्याच्या अंगावर चेंडू मारावयाचा. आमच्या लगोरींत मारतात, तसाच हा प्रकार. जो पक्ष आधीं ६५ धांवा करील तो जिंकला, असें ठरलें होतें. ॲम्हर्स्टनें ७३ धांवा केल्या व विल्यम्सनें ३२. ॲम्हर्स्टच्या चेंडूफेक्याचा हात इतका जबर होता कीं, हा विद्यार्थी नसून पैसे देऊन आणलेला गांवचा लोहार आहे, अशी कंडी पिकली! दुसऱ्या दिवशीं याच दोन कॉलेजांत बुद्धिबळाचा सामना झाला, आणि तोहि ॲम्हर्स्टनेंच जिंकला. शरीराचा व बुद्धीचा असे दोन सामने एकाच भेटींत ठेवावे, ही त्या तरुणांची कल्पना आम्हांस फार आवडते.

पुढें नौकाशर्यतींचा काळ आला. १८७१ सालीं त्याच गांवांतील कृषि कॉलेजच्या नाविकांनीं हार्वर्डसारख्या बलाढ्य विद्यापीठास मागें टाकलें, आणि १८७२ सालीं स्प्रिंगफील्ड येथें कनेक्टिकट नदींत ॲम्हर्स्टनें शर्यत जिंकली. लहान कॉलेजेंहि मोठ्यांस हरवूं शकतात हें पाहून सगळीकडे या खेळाचें वेड पसरलें. फुटबॉलचा कॉलेजांमधील पहिला सामना रटगर्स व प्रिन्स्टन यांच्यांत ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं झाला होता. प्रत्येक बाजूस पंचवीस गडी होते. शतकाच्या अखेरीस मात्र या खेळाचें स्वरूप पालटलें. हजारों प्रेक्षक तिकीट काढून येऊं लागले, जिंकण्यासाठीं गड्यांचें पाचरीसारखें टोंक करून समोरच्यावर तुटून पडण्याच्या युक्त्या निघाल्या, हाडें मोडलीं, प्राणहि गेले. १९०५ सालीं प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांस मध्यें पडावें लागलें, व १९०६ सालीं नियम बदलण्यांत आले. व्यायामाचा उद्देश आरोग्य हा होता. तो सुटून केवळ विजय हाच उद्देश राहिला म्हणजे काय होतें, याचें हें उदाहरण आहे.

तथापि मैदानानें एक मोठी गोष्ट साधली, ती सांगणें अवश्य आहे. विल्यम हेन्री ल्युईस या तरुणाचा जन्म १८६८ सालीं व्हर्जिनिया संस्थानांत झाला. त्याचे आईबाप पूर्वीं गुलाम होते. तो ॲम्हर्स्टमध्यें शिकण्यास आला, फुटबॉल खेळूं लागला, आणि १८९१ सालीं गौरवर्णी सोबत्यांनीं भरलेल्या त्या संघाचा कप्तान झाला. त्याच संघांत विल्यम जॅक्सन नांवाचा दुसराहि एक कृष्णवर्णी विद्यार्थी होता. ल्युईस हा वक्ताहि उत्तम होता. १८९२ सालीं पदवी घेतांना वर्गातर्फें भाषण करण्याचा मान त्यास मिळाला. पुढें हार्वर्ड येथें कायद्याचा अभ्यास करतांना तो सर्व देशांतील निवडक खेळाडूंत गणला गेला. ज्याचें नांव मैदानावर हजारों मुखांनीं गाजत होतें, त्यालाच केंब्रिज गांवांतील एका न्हाव्यानें रंगावरून दाढी करण्याचें नाकारलें. ल्युईसनें हा अपमान गिळला नाहीं. कायद्यांत सुधारणा व्हावी म्हणून त्यानें खटपट केली, व ती सफल झाली. १९११ सालीं तो संयुक्त संस्थानांचा असिस्टंट ॲटर्नी जनरल झाला. खेळामुळें समाजांतील अन्याय आपोआप नाहींसा होत नाहीं, हें यावरून दिसतें. परंतु जेथें गुणच मोजले जातात अशी एक जागा मिळाली, तर तेथें उभा राहिलेला मनुष्य पुढें इतर जागींहि न्याय मागूं शकतो, हेंहि तितकेंच स्पष्ट दिसतें.

विद्यार्थ्यांचीं मंडळें

खेळाबरोबरच मंडळांचाहि विचार केला पाहिजे; कारण वर्गाबाहेरचें शिक्षण या दोन ठिकाणीं होत असे. कॉलेज स्थापन झालें त्याच वर्षीं तेथें अलेक्झांड्रियन व अथीनियन अशा दोन वादविवादसभा निघाल्या. प्राचीन ज्ञाननगरांवरून त्यांस हीं नांवें दिलीं होतीं. या सभांत निबंध वाचले जात, ठरलेल्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनीं भाषणें होत, आणि प्रत्येक सभेचा स्वतःचा ग्रंथसंग्रह असे. वर्गांत पाठ म्हणून दाखविणें एवढेंच ज्या काळीं शिक्षण समजलें जाई, त्या काळीं आपलें मत बनविणें, तें मांडणें व दुसऱ्याचें मत ऐकून घेणें हें विद्यार्थी या सभांतच शिकले.

पुढें दुसऱ्या प्रकारचीं मंडळें वाढलीं. तीं ग्रीक अक्षरांच्या नांवानें ओळखलीं जात व त्यांचें कामकाज गुप्त असे. अशा मंडळांचें मूळ १७७६ सालीं व्हर्जिनियांतील विल्यम ॲन्ड मेरी कॉलेजांत निघालेल्या फाय बीटा कॅपा या संस्थेपर्यंत जातें. वरच्या वर्गांतील सभासदांनीं नव्या विद्यार्थ्यांतून आपल्या पसंतीचे निवडावे, त्यांस दीक्षा द्यावी, खूण व पदक द्यावें, असा प्रघात होता. पुढें पुढें या मंडळांनीं स्वतःचीं घरें बांधलीं. घरापासून दूर आलेल्या मुलास तेथें भावासारखे सोबती मिळाले, हा त्यांचा गुण. परंतु ज्यास कोणींच बोलाविलें नाहीं त्याच्या मनास काय वाटत असेल? ज्याची निवड झाली तो आंत व बाकीचे बाहेर, अशी भिंत कॉलेजांतच उभी राहिली; आणि सर्वांसाठीं असलेल्या जुन्या वादविवादसभा ओस पडत गेल्या. हा दोष विद्यार्थ्यांच्याहि ध्यानांत आला होता. विल्यम्स कॉलेजांत १८३४ सालीं तीस विद्यार्थ्यांनीं गुप्त मंडळांच्या विरुद्ध एक उघडें मंडळ काढलें, आणि ही चळवळ पुढें इतर कॉलेजांतहि पसरली.

अमेरिकेचे तिसावे राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज हे ॲम्हर्स्टचे १८९५ सालचे पदवीधर. ते अबोल व लाजाळू असल्यामुळें पहिलीं तीन वर्षें त्यांस कोणत्याहि गुप्त मंडळांत प्रवेश मिळाला नाहीं. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची उंच टोपी घालून धांवण्याची एक गमतीची शर्यत तेथें असे, व मागें राहणाऱ्यांस इतरांच्या जेवणाचा खर्च सोसावा लागे. कूलिज मागेंच राहिले. परंतु आपण मागें कां राहिलों या विषयावर त्यांनीं जें विनोदी भाषण केलें, त्यानें सगळी मंडळी हंसून बेजार झाली. वर्गबंधूंस त्यांची खरी ओळख तेव्हांपासून पटली. ज्यास कोणी निवडलें नाहीं त्याच्या अंगीं गुण नाहींत असें समजूं नये, हें कोणत्याहि मंडळाच्या चालकांनीं यावरून शिकावें.

१८६५ च्या सुमारास गायनमंडळ व १८६८ सालीं विद्यार्थ्यांचें वृत्तपत्रहि सुरू झालें. मात्र सर्वांत धाडसाचा प्रयोग १८८३ सालीं अध्यक्ष ज्युलियस सीली यांनीं केला. त्यांनीं शिस्तीच्या प्रश्नांसाठीं विद्यार्थ्यांची एक सेनेट नेमली. तींत चवथ्या वर्षाचे चार, तिसऱ्याचे तीन, दुसऱ्याचे दोन व पहिल्याचा एक असे प्रतिनिधि असत. अध्यक्ष स्वतः अध्यक्षस्थानीं बसत, आणि अखेरचा नकाराधिकार त्यांच्याकडे असे. विद्यार्थी हा करार करून आलेला सद्गृहस्थ आहे, त्यानें तो करार मोडला तर त्याचा कॉलेजशीं संबंध तुटला, असें या पद्धतीचें तत्त्व होतें. सीली यांच्यावर विद्यार्थ्यांचा विश्वास होता, म्हणून ती चालली. पुढील अध्यक्षांच्या कारकीर्दींत त्यांचें व सेनेटचें पटेना, आणि ती मोडली. नियम कागदावर कितीहि चांगले असले, तरी परस्परविश्वास नसेल तर ते चालत नाहींत.

खोऱ्याबाहेर

या लहान खोऱ्यांत जें सुरू झालें तें दूरवर पोंचलें. प्राध्यापक क्लार्क हे १८७६ सालीं जपानांत साप्पोरो येथें कृषिशिक्षण सुरू करण्यास गेले. ॲम्हर्स्टचे १८७४ सालचे पदवीधर डॉक्टर जॉर्ज लीलंड यांस १८७८ सालीं जपान सरकारनें मुद्दाम बोलाविलें, आणि त्यांनीं आपल्या गुरूची हलक्या व्यायामाची पद्धति टोकियो येथील शिक्षकांस शिकविली. तेथून ती जपानच्या शाळांत गेली. ॲम्हर्स्टपासून सुमारें २५ मैलांच्या टापूंतच दोन नवे खेळ जन्मले: १८९१ च्या डिसेंबरांत स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ यांनीं फळांच्या दोन टोपल्या टांगून बास्केटबॉल सुरू केला, व १८९५ सालीं होल्योक येथें विल्यम मॉर्गन यांनीं व्हॉलीबॉल काढला. नॉर्दम्प्टनच्या स्मिथ कॉलेजांत सेंडा बेरेन्सन या शिक्षिकाबाईंनीं १८९२ सालीं बास्केटबॉलचे नियम मुलींसाठीं जुळवून घेतले. स्त्रियांनीं धांवणें अशोभनीय मानणाऱ्या त्या काळांत हें लहान धैर्य नव्हतें. स्प्रिंगफील्डहून आलेले हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं मद्रास येथें शारीरिक शिक्षणाचें विद्यालय स्थापन केलें. आमच्या शाळांच्या पटांगणांत जे दोन खेळ आज नित्य दिसतात, त्यांचा प्रवास त्या खोऱ्यांतूनच सुरू झाला.

ॲम्हर्स्टनें स्वतःहि पुढें आपल्या कांहीं जुन्या रीति सोडल्या. १९७५ सालीं तेथें मुलींस पदवीच्या अभ्यासासाठीं प्रवेश मिळूं लागला, आणि १९८४ सालीं विश्वस्तांनीं गुप्त मंडळें कॉलेजांतून बंद केलीं. दीडशें वर्षें वागविलेली भिंत अखेर त्यांना पाडावी लागली.

आम्हीं काय घ्यावें

या इतिहासाचा सारांश असा दिसतो. पहिली गोष्ट, व्यायाम हा सर्वांसाठीं असावा. संघांत निवड झालेल्या अकरा मुलांनीं खेळावें व चारशें मुलांनीं टाळ्या वाजवाव्या, यास शाळेचा व्यायाम म्हणतां येत नाहीं. दुसरी गोष्ट, आपली बरोबरी आपल्याशींच करावी. त्यासाठीं दगडी व्यायामशाळा नको. एक फीत, भिंतीवर ओढलेली एक रेघ आणि एक वही एवढ्यानें काम भागतें. तिसरी गोष्ट, सामने अवश्य व्हावे, पण विजयासाठीं आरोग्य व सचोटी यांचा बळी जाऊं नये. चवथी गोष्ट, मंडळ काढतांना त्याचा दरवाजा कोणासाठीं बंद राहतो हें आधीं पाहावें. आणि पांचवी गोष्ट, विद्यार्थ्यांवर जबाबदारी टाकावी, पण ती टाकणाऱ्यानें व घेणाऱ्यानें एकमेकांचा विश्वास आधीं संपादन करावा.

वाचकहो, यांतील पुष्कळ गोष्टी करण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. येत्या सत्राच्या आरंभीं एखाद्या वर्गानें आपली उंची, वजन व छातीचें माप एका वहींत लिहून ठेवावें, आठवड्यांतून चार दिवस अर्धा तास सर्वांनीं मिळून व्यायाम करावा, आणि सत्राच्या अखेरीस तीं मापें पुन्हां घेऊन पाहावीं. त्या वहींत वर्गांतल्या सर्वांत दुबळ्या मुलाचेंहि नांव असलें, व मागल्यापेक्षां त्याचा एक जरी आंकडा पुढें गेलेला दिसला, तर हा लेख लिहिण्याचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.